कान्होजी आंग्रे

कान्होजी तुकोजी आंग्रे (जन्म : इ.स. १६६९ च्या सुमारास. मृत्यू : ४ जुलै, इ.स. १७२९) हे मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख सेनापती होते. छत्रपती राजाराम महाराज, महाराणी ताराबाई आणि छत्रपती शाहू महाराज या तिघांच्या काळात त्यांनी कोकण किनाऱ्याचे रक्षण केले. इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी या चारही दर्यावर्दी सत्तांशी त्यांनी झुंज दिली. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि खांदेरी हे त्यांच्या सत्तेचे मुख्य आधार होते. त्यांच्या हयातीत यांपैकी एकही परकीयांना जिंकता आला नाही. या यशाचे श्रेय किल्ल्यांच्या तटांना आणि सरखेलांच्या धाडसाला दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यामागे आणखी एक कारण होते. कोणत्या जहाजाला किती पाणी लागते आणि कोणत्या घटकेला कोठे किती पाणी असते, याची या आरमाराला अचूक जाण होती.

घराणे व पूर्वायुष्य

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातील आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे म्हणून ओळखले जाऊ लागले. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचे बालपण हर्णैच्या परिसरात, सुवर्णदुर्गाच्या सावलीत गेले. किनाऱ्यावर वाढणाऱ्या मुलाला भरती-ओहोटीचे गणित पाढ्यांच्या आधी येते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, अष्टमीच्या सुमारास येणारे भांगाचे पाणी, पहाटे जमिनीवरून वाहणारे मतलई वारे आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारे खारे वारे या सर्वांशी कान्होजींचा परिचय लहानपणापासूनच झाला असणार.

संभाजी महाराजांच्या वधानंतरचा काळ कोकणालाही कठीण गेला. सिद्दीने मराठ्यांची अनेक ठाणी घेतली. सुवर्णदुर्गाच्या किल्लेदाराने किल्ला सिद्दीच्या हवाली करण्याचा घाट घातला असता तरुण कान्होजींनी तो हाणून पाडला आणि किल्ल्याचा ताबा स्वतःकडे घेतला, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. पुढे कान्होजींनी कुलाबा, सागरगड ही स्थळे राखली व वाढवली. आरमारप्रमुख सिधोजी गुजर यांच्या मृत्यूनंतर इ.स. १६९८ मध्ये सरखेलीची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

आरमाराचा वारसा : कल्याणची खाडी आणि मागचे रान

कान्होजींना मिळालेले आरमार हे शिवाजी महाराजांनी उभे केलेल्या आरमाराचे अवशिष्ट रूप होते. त्याचा आरंभ समुद्रावर झाला नव्हता, तो खाडीच्या आतल्या टोकाला झाला होता. इ.स. १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी ताब्यात आल्यावर महाराजांनी तेथील खाडीत जहाजे बांधण्यास प्रारंभ केला. कल्याणच्या मागे सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत सागवानी रान पसरले होते. आजचे शहापूर आणि मुरबाड हे तालुके याच पट्ट्यात येतात. मुरबाडची काळू नदी आणि शहापूरची भातसा यांचे पाणी शेवटी उल्हास नदीला मिळून कल्याणच्या खाडीत उतरते. माहुली, सिद्धगड, गोरखगड हे या प्रदेशाचे पहारेकरी आणि नाणेघाट ही घाटमाथ्यावरील जुन्नरहून कल्याणकडे उतरणारी प्राचीन व्यापारी वाट. डोंगराकाठच्या या तालुक्यांतील विद्यार्थ्याला आरमाराचा इतिहास दूरचा वाटतो. वस्तुतः कल्याणच्या बंदराचे पोट याच मागच्या मुलुखावर भरत होते.

या खाडीने आरमाराला एक स्वभावही दिला. कल्याणपर्यंत भरतीचे पाणी पोचते, परंतु खाडी उथळ आणि वळणावळणाची आहे. खोल तळाचे जहाज तेथे बांधून उपयोग नव्हता, ते बाहेरच काढता आले नसते. त्यातच खाडीच्या मुखाशी ठाणे, साष्टी व वसई पोर्तुगीजांकडे होती आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गलबतावर त्यांची नजर असे. त्यामुळे जहाज बेताचे, रुंद, कमी पाण्यात तरंगणारे आणि गरज पडल्यास वल्ह्यांवर चालणारे असणे भाग होते. कान्होजींच्या काळापर्यंत आरमाराची मुख्य ठाणी दक्षिणेकडे कुलाबा, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग येथे सरकली होती. जहाजांचा हा घाट मात्र कायम राहिला.

त्याचा पहिला मोठा प्रत्यय कान्होजींच्या बालपणीच आला होता. इ.स. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधण्यास घेतला. मायनाक भंडारी हे तेथील कामाचे प्रमुख होते. इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. त्यांची जहाजे मोठी आणि तोफा भारी होत्या. तरीही मराठ्यांच्या लहान होड्या रात्री थळ-नागावच्या बाजूने निघून, उथळ पाण्यातून वल्ही मारीत, बेटावर माणसे व सामान पोचवीत राहिल्या. पाठलाग करणाऱ्या जहाजांना खडक आणि पुळण यांच्या भीतीने थांबावे लागे. अखेरीस इ.स. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी समेट केला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

गुराबा आणि गलबते

कान्होजींच्या आरमारात दोन प्रकारची जहाजे मुख्य होती. गुराब हे लढाऊ जहाज. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांपर्यंत, तर तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत असे. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद असे आणि पुढे नाळेकडे निमुळती होत जाई. नाळेचा भाग मुख्य भागापासून आडव्या फळ्यांनी वेगळा केलेला असे. त्यामुळे नाळेवर चढलेले पाणी आत न येता दोन्ही बाजूंनी वाहून जाई. त्या आडोशातील झरोक्यांतून दोन मोठ्या तोफा समोर रोखलेल्या असत आणि बाकीच्या लहान तोफा दोन्ही अंगांना असत. गलबत त्याहून लहान, जास्तीत जास्त ७० टनांचे असे. त्यावर शीड असे आणि त्याखेरीज चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला तरी गलबत ताशी सुमारे चार मैल जाऊ शके. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने या जहाजांचे तपशीलवार वर्णन केले आहे.

या दोन्हींचा समान गुण म्हणजे कमी डूब. जहाजाचा जेवढा भाग पाण्याखाली असतो त्याला डूब म्हणतात. डूब कमी असेल तर जहाज खाडीत शिरते, ओहोटीतही तरते, पुळणीवर ओढून घेता येते. परंतु निसर्ग हा लाभ फुकट देत नाही. शिडाला लागणारा वारा जहाजाला पुढे ढकलतो तसा आडवाही ढकलतो. खोल कणा असलेल्या जहाजाच्या तळाला पाण्याचा अटकाव मिळतो आणि ते तिरकस मार्गाने वाऱ्याच्या तोंडावरही चढत जाते. उथळ, रुंद तळाचे जहाज मात्र ताटलीसारखे बाजूला घसरते. म्हणून गुराब आणि गलबत वारा पाठीशी किंवा बाजूस असताना वेगवान, तर समोरच्या वाऱ्यात व खवळलेल्या दर्यात दुबळी ठरत. गुराबेची नाळ तर समोरच्या लाटेत सारखी खाली-वर होत असे.

ही अडचण जगातील सर्वच उथळ किनाऱ्यांवरील नावाड्यांना आली. हॉलंडच्या खलाशांनी नावेच्या दोन्ही कुशींना मोठ्या फळ्या बसवल्या. वाऱ्यावर चढताना त्या पाण्यात सोडायच्या आणि उथळ जागी वर घ्यायच्या. कान्होजींच्या मृत्यूनंतर सुमारे पंचेचाळीस वर्षांनी, इ.स. १७७४ मध्ये, जॉन शँक या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने अमेरिकेतील बॉस्टन येथे तळातून वरखाली सरकणारा कणा असलेली नाव बांधली. त्याच पद्धतीचे तीन सरकते कणे असलेले लेडी नेल्सन हे लहान जहाज इ.स. १८०० मध्ये इंग्लंडहून निघून ऑस्ट्रेलियाच्या अपरिचित, उथळ किनाऱ्याच्या पाहणीसाठी गेले. आजच्या क्रीडानौकांतील बिजागरीवर फिरणारा झुलता कणा हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा होय. वाऱ्याच्या तोंडावर तिरके जाताना तो पूर्ण खाली सोडतात. वारा पाठीशी आला की पाण्याचा विरोध कमी करण्यासाठी बराचसा वर घेतात. खाडीत शिरताना किंवा किनाऱ्याला लागताना तो वेळीच उचलावा लागतो. कणा तळाला टेकल्यावर उचलला तरी पुष्कळदा नाव सुटते. वजनदार कण्यावर नावेचा तोलही अवलंबून असतो, म्हणून खोल पाण्यात दर्या खवळला असेल तर तो खालीच ठेवणे हिताचे असते.

कान्होजींच्या जहाजांना असा उचलता कणा नव्हता. त्यांच्या जहाजाचा तळ कायमच उथळ होता, म्हणजे आजच्या भाषेत कणा कायम उचललेला होता. त्यामुळे जो निर्णय आजचा नावाडी दोर ओढून घेतो, तो त्यांना वेळ, जागा आणि वारा यांची निवड करून घ्यावा लागे. वारा अनुकूल असेल तेव्हाच बाहेर पडायचे, तो फिरू लागताच खाडीचे तोंड गाठायचे. वारा पूर्ण पडला की गलबते गुराबांना दोर लावून ओढत नेत. शत्रूच्या मोठ्या जहाजाची शिडे लोंबत असताना ही मंडळी त्याच्या पिछाडीला येत, कारण जहाजाच्या तोफा दोन्ही बाजूंना असतात, पिछाडीला फार थोड्या. गुराबा नाळेच्या तोफांनी डोलकाठ्या मोडीत आणि जहाज पांगळे झाले की गलबतांवरील माणसे त्यावर चढत. शत्रूला कुमक आली किंवा वारा सुटला, तर पाठलाग होऊ शकणार नाही अशा उथळ पाण्यात निघून जाण्याची वाट आधीच ठरलेली असे.

इंग्रजी कागदपत्रांत या पद्धतीला चाचेगिरी म्हटले गेले. मोठ्या जहाजाशी समोरासमोर लढणे हाच पराक्रम, अशी समजूत त्यामागे होती. ज्याच्या जहाजाला खोल कणा नाही त्याने खोल पाण्यात तोफांच्या रांगेसमोर उभे राहणे यात पराक्रम नव्हता, जहाज आणि माणसे फुकट घालवणे होते. शिवाय कान्होजी हे छत्रपतींचे नेमलेले अधिकारी होते, हे त्या कागदपत्रांचा आधार घेणाऱ्या पुढील अनेक लेखकांच्या लक्षात राहिले नाही.

दस्तके आणि इंग्रजांशी संघर्ष

आपल्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने परवाना घ्यावा, हा नियम या किनाऱ्यावर प्रथम पोर्तुगीजांनी सक्तीने लागू केला होता. कान्होजींनी तोच अधिकार मराठा राज्याच्या वतीने बजावला. त्यांच्या परवान्याला दस्तक म्हणत. दस्तक घेणाऱ्या जहाजाला संरक्षण मिळे, न घेणारे जहाज धरले जाई. ईस्ट इंडिया कंपनीला हे मान्य नव्हते. आपल्या जहाजांबरोबरच देशी व्यापाऱ्यांच्या मालावरही ती आपले निशाण लावी आणि त्या सर्वांना दस्तकातून सूट मागे. वादाचे मूळ येथे होते.

इ.स. १७१२ च्या अखेरीस कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौका पकडली. ती कारवारकडे चालली होती. झटापटीत कारवारच्या वखारीचा नियोजित प्रमुख मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैदेत आली. पुढच्या वर्षी ३०,००० रुपयांची खंडणी घेऊन तिला सन्मानाने परत पाठवण्यात आले आणि इंग्रजांशी तह झाला. तो फार काळ टिकला नाही.

शाहू महाराजांच्या पक्षात

समुद्रावर पाय घट्ट रोवणाऱ्या कान्होजींना जमिनीवरील राजकारणातही आपली बाजू ठरवावी लागली. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर मराठा राज्यात दोन पक्ष पडले. कान्होजी प्रथम ताराबाईंच्या पक्षात राहिले. त्यांच्यावर चालून आलेले शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी इ.स. १७१३ मध्ये पकडून लोहगडावर कैदेत ठेवले आणि घाटावर येण्याची तयारी केली. हा प्रसंग राज्याच्या मुळावर येण्याजोगा होता. शाहू महाराजांनी पेशवेपद बाळाजी विश्वनाथ यांना देऊन त्यांना बोलणीसाठी धाडले. बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे होते आणि कोकण व सिद्दी या दोन्हींची त्यांना चांगली माहिती होती. लढाई न होता इ.स. १७१४ च्या आरंभी समेट झाला. कान्होजींनी पिंगळ्यांना सोडले व शाहू महाराजांची सत्ता मानली. त्यांच्याकडे १० किल्ले व १६ लहान ठाणी कायम झाली आणि सरखेलीचे पदही. घाटमाथा आणि किनारा यांतील फूट टळली, हे या समेटाचे सर्वांत मोठे फळ होते. ही एकी टिकली नाही तर काय होते, ते पुढच्या दोन पिढ्यांत दिसले.

मोहिमांची पाच वर्षे

इ.स. १७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला. त्याने आंग्र्यांचा नाश हेच आपले उद्दिष्ट ठरवले, मुंबईभोवती तट उभारला आणि नवी लढाऊ जहाजे बांधून घेतली. इ.स. १७१७ मध्ये त्याच्या आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला. इंग्रज त्या किल्ल्याला घेरिया म्हणत. वाघोटण खाडीच्या तोंडाशी असलेल्या या किल्ल्याला तिन्ही बाजूंनी पाणी आहे. आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आड, खाडीत सुरक्षित राहिली आणि बाहेरून आलेले तोफगोळे तटाला फारसे काही करू शकले नाहीत. पुढील वर्षी, इ.स. १७१८ मध्ये, खुद्द बूनच्या देखरेखीखाली खांदेरीवर स्वारी झाली. तीही फसली.

तिसरा प्रयत्न लक्षणीय आहे, कारण त्यात इंग्रजांनी आपल्या अडचणीचे निदान जवळजवळ बरोबर केले होते. मोठ्या जहाजांना तटाजवळ जाता येत नाही, तर कमी पाण्यात जाणारा तोफखानाच का बांधू नये, असा विचार करून मुंबईत एक सपाट तळाचा, जाड भिंतींचा तरंगता किल्ला तयार करण्यात आला. त्याला फ्राम असे नाव होते. इ.स. १७२० मध्ये वॉल्टर ब्राउन याच्या नेतृत्वाखाली तो विजयदुर्गासमोर आणला गेला. गोळे किल्ल्यापर्यंत पोचण्याऐवजी पाण्यातच पडू लागले, तेव्हा रचनेतील दोष उघड झाला. स्वतःच्या बळावर हलता न येणाऱ्या त्या अवजड धुडाला ओढत नेणे हेच एक संकट होऊन बसले आणि परतीच्या वाटेवर इंग्रजांनी ते स्वतःच जाळून टाकले. केवळ डूब कमी केल्याने गुराब होत नाही. वल्ही, हलकेपणा आणि त्या खाडीत वाढलेला तांडेल हे तिन्ही बरोबर असावे लागतात.

इ.स. १७२१ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील जहाजे कमोडोर थॉमस मॅथ्यूज याच्या हाताखाली मुंबईस आली आणि पोर्तुगीजांशी युती होऊन कुलाब्यावर संयुक्त स्वारी ठरली. पोर्तुगीज व्हाइसरॉय जातीने हजर होता. ही कान्होजींच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कसोटी होती.

कुलाबा किल्ल्याची जागा मुळातच विलक्षण आहे. शिवाजी महाराजांनी इ.स. १६८० मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले व संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. अलिबागच्या किनाऱ्यासमोरील खडकावर तो उभा आहे. भरतीला तो बेट असतो, ओहोटीला किनाऱ्यावरून पायी चालत जाता येते. त्याला लागूनच उत्तरेस सर्जेकोट हा छोटा किल्ला आहे. या भागात उधाणाच्या वेळी पाण्याची चढउतार चार मीटरच्या आसपास असते. म्हणजे जेथे सकाळी गलबत तरंगते तेथेच दुपारी माणूस चिखलातून चालतो. अशा किनाऱ्यावर खोल कण्याच्या युद्धनौकेने जवळ येणे म्हणजे ओहोटीबरोबर रुतून बसण्याचा धोका पत्करणे. मॅथ्यूजची प्रचंड जहाजे त्यामुळे दूर उभी राहिली आणि लढाईचा सारा भार जमिनीवर उतरवलेल्या फौजेवर पडला. शाहू महाराजांनी कान्होजींच्या मदतीस घोडदळ पाठवले होते. हल्ला परतवला गेला, खुद्द मॅथ्यूज जखमी झाला आणि दोन मित्रांत एकमेकांवर दोषारोप सुरू झाले. इ.स. १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला. या वाटाघाटींत तरुण पेशवा पहिला बाजीराव याचा मोठा वाटा होता. इ.स. १७१४ च्या समेटाचे मोल येथे वसूल झाले. उथळ पाण्याने जहाजे अडवली, परंतु फौज अडवायला घाटावरचे घोडेच यावे लागले.

त्यानंतर इ.स. १७२४ मध्ये डचांनी सात जहाजांनिशी विजयदुर्गावर हल्ला केला. तोही निष्फळ ठरला.

कारभार

कान्होजींनी अलिबाग वसवले, बंदरांत व्यापार वाढावा अशी व्यवस्था लावली आणि त्यांच्या नावाशी जोडला जाणारा अलिबागी रुपया हे चांदीचे नाणे चलनात होते. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीत गिर्ये येथे आंग्र्यांची गोदी होती. तिचे अवशेष आजही दिसतात. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीत तळ उघडा पडला की डागडुजी करायची, हे कमी डुबीच्या जहाजांना सहज साधणारे काम होते. पावसाळ्यात समुद्र बंद होई, जहाजे खाड्यांत किंवा किनाऱ्यावर ओढलेली असत आणि नारळी पौर्णिमेनंतर आरमार पुन्हा सज्ज होई. आरमारावर कोळी, भंडारी व मुसलमान खलाशी होते. पोर्तुगीज व इतर युरोपीय गोलंदाजही चाकरीत होते. माणसाची जात वा देश पाहण्यापेक्षा त्याला तोफ आणि पाणी कळते की नाही, हे पाहण्याकडे कान्होजींचा कल होता.

मृत्यू व नंतरचा काळ

४ जुलै, इ.स. १७२९ रोजी कान्होजींचा मृत्यू झाला. त्यांच्या पुत्रांपैकी सेखोजी यांनी काही वर्षे कारभार एकत्र राखला. इ.स. १७३३ मध्ये तेही वारले आणि संभाजी व मानाजी या बंधूंत वाद विकोपाला गेला. कुलाब्याकडे मानाजी आणि सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडे संभाजी अशी आरमाराची वाटणी झाली. संभाजीनंतर तुळाजी आंग्रे हे विजयदुर्गाचे धनी झाले. ते शूर होते, परंतु पेशव्यांशी त्यांचे वैर जडले. आरमाराच्या पाठीशी असलेला घाटमाथ्याचा आधार त्यामुळे नाहीसा झाला, किंबहुना तोच विरोधात गेला. इ.स. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत सुवर्णदुर्ग पडला.

इ.स. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. या वेळी आंग्र्यांच्या गुराबा बाहेर पडल्याच नाहीत. किल्ल्याच्या आडोशाला, खाडीत, एकमेकींना बांधून त्या उभ्या होत्या. कान्होजींच्या काळी हीच जागा त्यांचे कवच होती. इंग्रजी जहाजे भरतीबरोबर खाडीच्या तोंडातून आत शिरली. त्यांच्या तोफांचा एक पेटता गोळा बांधलेल्या जहाजांपैकी एकावर पडला आणि आग एकातून दुसऱ्यात पसरत गेली. संध्याकाळपर्यंत ते आरमार जळून गेले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडले. कुलाब्याची शाखा मात्र पुढेही टिकली. इ.स. १८४० मध्ये इंग्रजांनी ते संस्थान खालसा केले.

स्मृती

कान्होजींची समाधी अलिबाग येथे आहे. मुंबईतील भारतीय नौदलाच्या तळाला १५ सप्टेंबर, इ.स. १९५१ रोजी आय.एन.एस. आंग्रे हे नाव देण्यात आले. खांदेरी बेटावर इ.स. १८६७ पासून दीपगृह असून बेट व दीपगृह आता कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाते. मुंबई बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांना बाजूच्या खडकांपासून दूर ठेवण्याचे काम ते करते. थळच्या किनाऱ्यावरून बेटाकडे जाणाऱ्या कोळी बांधवांच्या लहान होड्या अजूनही भरती पाहूनच निघतात. कुलाबा किल्ल्यात जाणाऱ्या प्रवाशांनाही ओहोटीची वेळ विचारून घ्यावी लागते. भरतीपूर्वी परतले नाही, तर होडीची वाट पाहावी लागते.